निवळ आणि साका

पहिली बाटली मेलेली निघाली.

आजोबांनी बूच नाकाशी नेले, पेल्यात बोटभर वाईन ओतून तिचा वास घेतला आणि काहीही न बोलता पेला माझ्याकडे सरकवला. पावसाळाभर बंद राहिलेल्या घराचे दार उघडावे आणि भिजलेल्या पुठ्ठ्यांचा, कोपऱ्यात बुरशी धरून बसलेल्या चपलांचा वास अंगावर यावा, तसा तो वास होता. वाईनमध्ये मुळात काही खोट नव्हती. बुचाच्या सालीत बुरशी आणि क्लोरीनयुक्त द्रव्ये एकत्र आली की कधीकधी एक रसायन तयार होते. त्याचा अंश मोजायचा तर प्रयोगशाळा लागते, ओळखायला मात्र नाक पुरते. बाटली कोणाची होती हे सांगण्यात अर्थ नाही, कारण बूच कोणालाही दगा देते. आजोबांनी ती स्वयंपाकघरातल्या मोरीत रिकामी केली. तीसेक वर्षे जपलेली वस्तू अर्ध्या मिनिटात नाहीशी झाली आणि घरात कोणी हळहळलेही नाही. त्यांच्या मुलीने फक्त मागाहून नळ सोडला, लाल ओघळ राहू नयेत म्हणून.

मला मात्र चुटपुट लागली, आणि ती बहुधा माझ्या चेहऱ्यावर दिसली असावी. आजोबा म्हणाले, आणि त्यांच्या मुलीने मला ते इंग्रजीत सांगितले, की जुन्या वाईन अशा नसतातच, असतात त्या फक्त जुन्या बाटल्या. प्रत्येकीचे नशीब वेगळे. मग ते दुसरी आणायला उठले.

हे 2019 च्या नोव्हेंबरातले. पुण्यातल्या आमच्या कारखान्यासाठी यंत्रांची खरेदी चालली होती आणि त्या कामापायी मी चार महिने स्पेनच्या उत्तरेला बिल्बाओ शहरात राहत होते. तिथल्या माझ्या सहकारीणीचे माहेर बिल्बाओपासून सुमारे शंभर किलोमीटरवरचे, लिहिताना 'हारो' आणि बोलताना 'आरो' असलेले गाव, कारण स्पॅनिशमध्ये 'ह' नुसता लिहायचा असतो. तिने एकदा सहज वडिलांना सांगितले की, कामावर एक भारतीय बाई आली आहे आणि तिच्या माहेरी द्राक्षाची बाग आहे. तेवढ्यावरून आमंत्रण आले. तिची मुले त्यांना आजोबा म्हणतात म्हणून मीही म्हणू लागले. वय ऐंशीच्या पुढे, पंजे रुंद, आणि उजव्या हाताची तर्जनी पहिल्या पेऱ्यापाशी थोडी वाकडी. उभा जन्म त्यांनी लाकडी पिंपे घडवण्यात घालवला होता.

माझे माहेर निफाड तालुक्यातले. आमच्याकडची द्राक्षे खायची; थॉमसन आणि तिचीच भावंडे. ऑक्टोबरात गोडी छाटणी, फेब्रुवारी-मार्चात माल, एप्रिलमध्ये खरड छाटणी, आणि पुन्हा तेच. आमच्या वेलीला झोप अशी मिळतच नाही, कारण झोपायला लागणारा हिवाळाच आमच्याकडे नाही. आरो ज्या वाईनच्या मुलखात आहे त्या रिओहातली वेल वर्षातून एकदा फळते आणि मग चार महिने काष्ठवत पडून राहते. आरोला जाताना मी पहिल्यांदा तशा बागा पाहिल्या. बिल्बाओची हिरवी, सदा भिजलेली डोंगररांग संपते, कोंचास दे आरो नावाच्या खिंडीतून एब्रो नदी बाहेर पडते, आणि एकदम कोरडे, मोकळे आकाश लागते. दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढ्या वेली, ना मांडव ना तारा. काही पाने पिवळी, काही वीटकरी, बरीचशी गळून पडलेली. ही बाग आहे हे माझ्या वडिलांना, अण्णांना, दाखवले असते तर ते म्हणाले असते, ही तर टाकून दिलेली दिसते.

गावात शिरण्याआधी सहकारीणीने मला स्टेशनाजवळच्या वस्तीत नेले. वाईनच्या इतिहासात रेल्वे स्टेशनला इतके महत्त्व असेल असे मला वाटले नव्हते. आरोला रेल्वे आली 1863 मध्ये, बिल्बाओ बंदराला जोडणारी. त्याच सुमाराला फ्रान्सच्या द्राक्षबागांत अमेरिकेतून आलेली एक किड वेलींच्या मुळ्या खाऊ लागली होती. तिचे नाव फायलोक्सेरा. मावा जातीचा जेमतेम दिसेल असा पिवळसर जीव. पुढच्या दोन-तीन दशकांत तिने फ्रान्समधल्या बागांच्या बागा वाळवल्या, आणि बोर्दोच्या व्यापाऱ्यांकडे गिऱ्हाईक होते पण वाईन राहिली नाही. ते पिरनीज पर्वताच्या दक्षिणेला उतरले, एब्रोच्या खोऱ्यात आले आणि येताना स्वतःची पद्धत घेऊन आले: 225 लिटरची ओकची पिंपे आणि त्यांत वाईन ठेवून देण्याची शिस्त. माल आगगाडीने जाणार, म्हणून तळघरे स्टेशनाच्या कडेला खोदली गेली. 1877 चे लोपेस दे एरेदिया, 1879 चे कुने, 1890 चे ला रिओहा आल्ता अशी एकाहून एक नामांकित घराणी आजही त्या एका स्टेशनाच्या आसपास, एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत. किडीने पुढे रिओहालाही सोडले नाही. 1899 मध्ये ती तिथेही पोहोचली. उपाय तोपर्यंत सापडला होता: अमेरिकन वेलीच्या खुंटावर युरोपातल्या वेलीचे कलम. हे ऐकताना मला हसू आले, कारण आमच्या बागेतही डॉगरिजचे खुंट आहेत आणि तोही मूळचा अमेरिकनच. आम्ही तो लावतो पाण्याच्या तुटीसाठी आणि क्षाराच्या जमिनीसाठी, पण मूळ अमेरिकेचे आणि फळ आपले ही युक्ती तीच.

व्यापारी परत गेले, पिंपे मागे राहिली. रिओहाने ती पद्धत धरली आणि इतकी ताणली की, शिकवणाऱ्यांनाही ती ओळखू येणार नाही. बोर्दोत चांगली वाईन साधारण दीड-दोन वर्षे पिंपात राहते आणि मग विकत घेणाऱ्याच्या घरी मुरायला जाते; पुष्कळदा तर ती पिंपात असतानाच तिचा सौदा झालेला असतो. पुढची पंधरा-वीस वर्षे वाट पाहायची ती गिऱ्हाइकाने. रिओहात ही वाट बोदेगा पाहते, म्हणजे वाईन करणारे घर. तिथल्या नियमाने 'ग्रान रेसेर्वा' हा शिक्का मिळवायचा तर वाईन किमान पाच वर्षे घराबाहेर पडू शकत नाही, आणि त्यांतली किमान दोन वर्षे ती पिंपात असावी लागते. हा झाला नियम. जुन्या वळणाची घरे त्याच्या कितीतरी पुढे जातात. माझ्यासाठी आजोबांनी जी दुसरी बाटली आणली ती लोपेस दे एरेदियाची विन्या तोंदोनिया, ग्रान रेसेर्वा, साल 1981. ती नऊ-दहा वर्षे पिंपात होती आणि त्यानंतर आणखी काही वर्षे बाटलीत, त्याच तळघरात. आजोबांनी ती विकत घेतली तेव्हाच ती वीस वर्षांची होत आली होती.

आपल्याकडे वाईनबद्दल जे थोडेफार बोलले जाते त्यात 'जितकी जुनी तितकी चांगली' हे वाक्य हमखास असते. ते साफ चुकीचे आहे. जगात होणारी बहुतेक वाईन दोन-चार वर्षांत प्यायची असते आणि तशी ती प्यायली नाही तर ती जुनी होत नाही, शिळी होते. नाशिकच्या वाईनही बहुतेक अशाच, ताज्यातच गोडी असलेल्या. दिंडोरीकडे काहींनी रिओहाचे तेम्प्रानियो हे द्राक्ष लावून पाहिले आहे, पण आपल्या उन्हात पिकलेल्या फळात साखर भराभर चढते आणि आंबटपणा तितक्याच वेगाने उतरतो. टिकणाऱ्या वाईनला तो आंबटपणा लागतो. आरोभोवतालच्या बागा साडेचारशे-पाचशे मीटर उंचीवर आहेत, दिवसा ऊन आणि रात्री चांगलाच गारवा, उत्तरेला कांताब्रिया डोंगराची भिंत. त्यामुळे फळ सावकाश पिकते. तोंदोनिया ही बाग एब्रोच्या एका वळणात, उजव्या काठावर आहे. तिथली लाल वाईन मुख्यतः तेम्प्रानियोची, त्यात गार्नाचा, आणि थोडे ग्रासियानो व मासुएलो. ही शेवटची दोन द्राक्षे प्रमाणाने थोडी, पण आंबटपणाची आणि तुरटपणाची भिस्त बरीचशी त्यांच्यावर. भाजीत चार आमसुले टाकावीत, तसे.

जेवण आधी झाले. वेलीच्या छाटलेल्या काड्या पेटवून त्यांच्या निखाऱ्यावर कोकराच्या बरगड्या भाजल्या होत्या. आमच्याकडेही छाटणीच्या काड्या बंबात जातात, हे मी सांगितले तेव्हा आजोबांनी सुनावले की, त्या काड्यांवर पाणी तापवणे म्हणजे उधळपट्टी आहे. मग बोलणे त्यांच्या धंद्यावर आले. पिंप घडवताना फळ्यांत खिळा नाही आणि डिंकही नाही. फळ्या आगीवर शेकून वाकवायच्या, लोखंडी पट्ट्या हातोड्याने ठोकून चढवायच्या, आणि लाकडाने लाकडाला इतके आवळायचे की, थेंब बाहेर येता कामा नये. मी त्यांना बैलगाडीच्या चाकाला धाव कशी चढवतात ते सांगितले: लाल होईपर्यंत तापवलेली लोखंडी पट्टी चाकावर बसवायची आणि पाणी मारून आवळून घ्यायची. त्यांनी हातातला घास खाली ठेवून ते ऐकले आणि मग दोन प्रश्न विचारले, चाकाचा घेर किती आणि लाकूड कोणते. बाभळीचे, हे मला ठाऊक होते. घेर मात्र सांगता आला नाही आणि त्यांची निराशा झालेली दिसली.

रिओहातली पिंपे परंपरेने अमेरिकन ओकची. स्पेनचा अमेरिकेशी जुना समुद्री व्यापार होता, त्यातून ते लाकूड आले आणि टिकले. नव्या अमेरिकन ओकमधून वाईनला व्हॅनिलाचा आणि ओल्या खोबऱ्याचा वास येतो. आजोबांना तो वास फारसा आवडत नाही. त्यांच्या मते चांगले पिंप म्हणजे जुने पिंप, ज्याचा स्वतःचा वास देऊन संपला आहे आणि जे आता फक्त श्वास घेते. हा त्यांचा शब्द. लाकडाच्या छिद्रांतून हवा अगदी कणाकणाने आत जात असते आणि वाईन त्याच वाटेने थोडी थोडी उडून जाते. म्हणून पिंप अधूनमधून वरपर्यंत भरावे लागते. नाहीतर पोकळीत हवा साचते आणि वाईनचे व्हिनेगर होते. रिकाम्या पिंपात ते गंधकाची वात जाळत. हे सांगताना त्यांनी नाक चोळले, आणि मला एकदम पिंपळगावच्या बाजूची मामांची बेदाणा शेड आठवली. जाळ्यांवर पसरलेली द्राक्षे, कडेला गंधकाची धुरी आणि डोळ्यांतून येणारे पाणी. तुम्ही कशासाठी करता, असे त्यांनी विचारले. बेदाण्याचा रंग सोनेरी राहावा म्हणून, मी म्हटले. आजोबांनी मान हलवली. रंगासाठी गंधक जाळणे त्यांना पटलेले दिसले नाही.

दर सहा महिन्यांनी वाईन एका पिंपातून दुसऱ्यात काढायची, हा त्या तळघरातला मोठा सोहळा. खाली गाळ बसलेला असतो. वरचे हलके हलके दुसरीकडे वाहू द्यायचे, वाहत्या धारेखाली काचेचा पेला धरायचा आणि पेल्यामागे मेणबत्ती. जोवर ज्योत स्वच्छ दिसते तोवर चालू ठेवायचे. ज्योतीभोवती धूसरपणा आला की बंद. विजेचा दिवा आला तरी हे काम कितीतरी वर्षे मेणबत्तीवरच चालले. सहकारीण इंग्रजी शब्दांसाठी अडखळत होती, आणि माझ्या मनात मात्र दोन्ही शब्द तयार होते: वरचे ते निवळ, खालचा तो साका. आमच्या आजीच्या माठात तुरटी फिरवल्यावर जे होई तेच. वाईनमध्ये तुरटीच्या जागी अंड्याचे पांढरे फेटून घालतात; ते वाईनमधल्या तुरट द्रव्यांना धरते आणि तळाशी घेऊन जाते. दहा वर्षे पिंपात म्हणजे अशी वीसेक उतारपालट. इतक्यांदा निवळलेली वाईनसुद्धा पुढे बाटलीत पुन्हा साका धरते, याचे मला नवल वाटले.

बाटली आदल्या दिवसापासून उभी करून ठेवली होती. आडवी ठेवलेली बाटली एरवी बूच ओले राहावे म्हणून तशी असते. उघडायच्या आधी ती उभी करतात, कारण कडेला बसलेला साका तळाशी यावा लागतो. बूच काढायला त्यांनी मळसूत्राचा पेच घेतलाच नाही. दोन लांब, पातळ पोलादी पाती असलेले एक हत्यार असते. पाती बूच आणि काच यांच्या फटीत एक इकडून, एक तिकडून, डोलवत डोलवत उतरवायची आणि मग पीळ देत बूच वर ओढायचे. अठ्ठावीसेक वर्षांचे बूच खालून काळे-जांभळे आणि वरून कोरडे, ठिसूळ. ते निम्म्यावर आले आणि आजोबांचा हात थांबला. बोट वाकडे असलेला तो हात दोनेक मिनिटे बाटलीला नुसता धरून होता. सबंध बूच बाहेर आले तेव्हा कळले की, खोलीतले आम्ही सगळे गप्प होतो.

ओतण्याची रीत मी आधी कधी पाहिली नव्हती. त्यांनी पाचही पेले एकमेकांना चिकटून ओळीत मांडले, आणि बाटली एकदा जी कलती केली ती पाचव्या पेल्यापर्यंत सरळ केलीच नाही. दोन पेल्यांच्या मध्ये ती सरळ केली तर तळातला साका उसळतो आणि पुढचे सगळे गढूळ होते. बाटलीच्या मानेमागे मेणबत्ती होती. शेवटी मानेपाशी एक काळसर धागा सरकत आलेला दिसला आणि त्यांनी हात मागे घेतला. बाटलीत दोन बोटे वाईन शिल्लक राहिली.

रंग पाहून माझी थोडी निराशा झाली, हे मान्य केले पाहिजे. तरुण तेम्प्रानियो गडद असते, जांभळाच्या रसासारखी हाताला डाग पाडणारी. ही तर कोकम सरबताहूनही फिकी. मध्यभागी विटेचा लाल आणि कडेला जुन्या तांब्याची पिवळट झाक, इतकी विरळ की, पेल्यातून पलीकडच्या टेबलक्लॉथच्या चौकटी मोजता आल्या असत्या. लाल रंग देणारी द्रव्ये आणि तुरट द्रव्ये वर्षानुवर्षे एकमेकांना धरत जातात, त्यांच्या साखळ्या जड होतात आणि अखेर तळाला बसतात. बाटलीच्या बुडाशी राहिलेला साका म्हणजे या वाईनचा तारुण्यातला रंग आणि तारुण्यातला तुरटपणा होता.

पहिल्या दहा मिनिटांत वास जवळजवळ आलाच नाही. थोडा धुळीचा, थोडा थंड दगडाचा. देवळाच्या गाभाऱ्यात शिरताना येतो तसा. आजोबांनी पेल्याला हात लावला नाही आणि मलाही खुणेने थांबवले. मग तो हळूहळू यायला लागला. वाईनच्या जाणकारांची शब्दसंपत्ती माझ्या कामाची नाही. सिगारची पेटी आणि सीडरचे लाकूड मी आयुष्यात हुंगलेले नाही. मला जे आठवले ते असे: चिरलेली खारीक, आमसुलाच्या बरणीचे झाकण उघडल्यावर येणारा आंबट, खारट वास, आणि हंगाम संपल्यावर मामांच्या बेदाणा शेडमध्ये, माल उचलून नेल्यानंतरही, जाळ्यांना चिकटून राहिलेली गोडी. त्याच्या मागे, जरा वेळाने, सहाणेवर उगाळलेले चंदन. खोबरे होते, पण ताजे नव्हे. डब्यात राहिलेल्या सुक्या खोबऱ्याच्या वाटीचे. ताज्या फळाचा वास मात्र कुठेही नव्हता. फळ संपले होते आणि तरीही जे होते ते फळाचेच होते.

जिभेवर आली तेव्हा दचकले, कारण इतक्या म्हाताऱ्या रंगातून इतका तजेलदार आंबटपणा येईल असे वाटले नव्हते. जाणकार जुन्या वाईनला 'मखमली' म्हणतात. मला ती मखमली वाटली नाही. मला ती अंगाने शेलाट्या, आवाज न चढवता नेमके बोलणाऱ्या माणसासारखी वाटली. तुरटपणा उरला होता तो फक्त शेवटी, गालांच्या आतल्या बाजूला, सुपारी थुंकून टाकल्यावर राहतो तेवढा. आणि घोट गेल्यावरही चव जात नव्हती. मी घड्याळ पाहिले नाही, पण सहकारीणीने उठून ताटे उचलली, परत येऊन अक्रोडांची वाटी ठेवली, तरी तोंडात ती होतीच.

आजोबांनी पहिला घोट घेतला आणि एकच शब्द उच्चारला. तो मला कोणी सांगावा लागला नाही. जिवंत, असे म्हणाले ते.

नंतरचा तास-दीड तास आम्ही तेच पाच पेले घेऊन बसलो होतो. मधल्या काळात आजोबांनी 1981 बद्दल सांगितले. फेब्रुवारीत सरकार उलथवायला माद्रिदच्या संसदेत बंदुका घेऊन शिरलेले शिपाई, रात्रभर रेडिओला कान लावून बसलेले घर. आणि सप्टेंबरात न्यूयॉर्कहून परत आलेले पिकासोचे 'गेर्निका' हे चित्र. चित्राला ज्याचे नाव आहे ते गाव बिल्बाओच्या अगदी जवळ, त्यामुळे त्या बातमीचे इथल्या घरांत वजन वेगळे. त्यानंतर काही आठवड्यांनी ही द्राक्षे तोडली गेली. रिओहाच्या नियामक मंडळाने त्या सालाला 'फार चांगले' ठरवले आणि पुढच्या 1982 ला 'उत्कृष्ट'. आजोबा हट्टाने 81 विकत घेतात. का, ते त्यांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही. त्या वर्षी मी दुसरीत होते.

मला त्या संध्याकाळी एकाच क्रियापदाने पछाडले होते: मुरणे. लोणचे मुरते, मुरंबा मुरतो, पाणी जमिनीत मुरते, माणूस राजकारणात मुरतो. पाणी कुठेतरी मुरत असते तेव्हा आपल्याला संशय येतो. आंबणे वेगळे, नासणे वेगळे, शिळे होणे वेगळे. मुरण्यात वस्तू स्वतः जवळजवळ काही करत नाही, तिला करू दिले जाते आणि तिच्याभोवतीचे कोणीतरी हात आवरून बसते. कैरीच्या लोणच्याच्या बरणीला दादरा बांधून आजी आम्हाला माळ्यावर फिरकू देत नसे. लोणचे मुरवण्याचे तिचे कौशल्य मसाल्यात कमी आणि आम्हाला हाकलण्यात जास्त होते. वाईन पिंपात मुरते हे तर खरेच, पण रिओहात खरे मुरते ते भांडवल. दहा वर्षे पिंपात, मग काही वर्षे बाटलीत, आणि तोवर पिंपाच्या लाकडाचे, तळघराचे, मेणबत्तीखाली पेला धरणाऱ्याच्या पगाराचे पैसे कोणीतरी भरत राहते. लोपेस दे एरेदियाच्या तळघरात कोळ्यांची जाळी मुद्दाम झाडत नाहीत, कारण बुचाला पोखरणारे पतंग कोळी खातात. या गोष्टीचे सगळे कौतुक करतात. मला वाटते, कोळ्यांना ठेवून घेणे सोपे आहे. सावकाराला इतकी वर्षे थांबवून ठेवणे कठीण.

आणि इथे एक गोष्ट कौतुकाच्या भरात विसरता कामा नये की, थांबतो तो बोदेगा. द्राक्ष पिकवणारा तिथेही थांबत नाही. रिओहातले कित्येक शेतकरी आपले फळ बोदेगांना नाहीतर सहकारी संस्थांना तोडणीच्या हंगामातच घालतात. तोडलेले द्राक्ष कोणासाठीच थांबत नसते. आमच्या बागेत तर व्यापाऱ्याची गाडी दुपारपर्यंत आली नाही की अण्णांचा रक्तदाब चढायचा. आमच्याकडे थांबण्याची एकच वाट आहे, बेदाणा करायचा आणि शीतगृहात टाकून भाव चढायची वाट पाहायची. आणि शीतगृहाचे भाडे भरताना कोणाला निवांतपणा आलेला मी पाहिलेला नाही.

सहा वाजत आले तेव्हा पेल्यातली वाईन उतरायला लागली. आधी चंदन गेले, मग खारीक. आमसुलाचा आंबटपणा तेवढा सर्वांत शेवटपर्यंत राहिला आणि मग तोही नुसता आंबट झाला. अडतीस वर्षे बाटलीत आणि पिंपात कणाकणाने हवा घेणारी वस्तू उघड्या हवेत दीड तास तग धरते, त्याहून जास्त नाही. माझ्या पेल्यात घोटभर उरली होती ती मी घाईघाईने संपवली आणि ते चुकले. त्या घोटाची चव आधीच्या सगळ्या चवींवर बसली. आजोबांनी आपला पेला कधीच रिकामा करून उलटा ठेवला होता.

निघताना त्यांनी बाटलीत राहिलेली दोन बोटे वाईन, साक्यासकट, गॅलरीत नेली. तिथे एका जुन्या अर्ध्या पिंपात माती भरून वेल लावलेली होती, पाने झडलेली, बुंधा मनगटाएवढा. त्यांनी ती तिच्या मुळाशी ओतली, बाटली दोनदा हलवून पूर्ण रिकामी केली आणि उजेडाकडे धरून पाहिली.

रात्री बिल्बाओहून मी निफाडला फोन केला. तिकडे पहाट झाली होती आणि अण्णा फवारणीला निघण्याच्या घाईत होते. मी सगळे सांगितले. पहिली बाटली मोरीत गेली हे ऐकून ते हळहळले. अडतीस वर्षांवर मात्र त्यांनी एकच प्रश्न केला, इतकी वर्षे माल घरात ठेवायला त्यांना बँक कर्ज देते का. ते मला सांगता आले नाही. मग मी त्यांना मेणबत्ती, निवळ आणि साका यांची गोष्ट सांगितली.

"साका टाकून दिला का?" अण्णांनी विचारले.

"नाही. वेलीच्या बुंध्याशी ओतला."

"मग ठीक," ते म्हणाले, आणि पंप सुरू झाल्याचा आवाज आला.